कॅन्सरनंतर ‘आता फक्त आराम’ हे कोणी ठरवलं?

कॅन्सरचे उपचार संपवून घरी आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त काय ऐकावं लागतं, हे तुमच्या घरात असा कोणी असेल तर तुम्हाला माहीत असेल. “आता काही करू नकोस. नुसता आराम कर.” सासू सांगते, शेजारीण सांगते, भेटायला आलेले पाहुणे सफरचंदांची पिशवी टेबलावर ठेवता ठेवता सांगतात. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्यात भर पडते: त्या हाताने पाण्याची कळशी उचलू नको, कणीक मळू नको, हात वर करू नको.

हे सगळं मायेपोटी असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हा सल्ला आला कुठून, तो बरोबर आहे का आणि तो चुकीचा आहे हे कोणी, कसं शोधून काढलं, ही गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. कारण हा शोध फक्त डॉक्टरांनी लावलेला नाही. त्यात रुग्णांचा, विशेषतः एकत्र आलेल्या रुग्णांचा, मोठा वाटा आहे.

आधी आपल्याच भागाकडे बघू. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा ओलांडलं की शिक्रापूरच्या अलीकडे सणसवाडी लागते. एकेकाळचं शेतीचं गाव, आता कारखान्यांचं. मराठवाड्यापासून बिहारपर्यंतचे कामगार इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. इथल्या माणसाला कॅन्सर झाला की उपचार पुण्याला किंवा मुंबईला होतात. तिथे वॉर्डात आजूबाजूला सगळे त्याच वाटेवरचे असतात. कोणाचे केस गेलेले, कोणाच्या नाकात नळी. एकमेकांना विचारलं जातं, सांगितलं जातं. शेवटचं केमो झालं की माणूस फाइल घेऊन गावी येतो आणि एकदम एकटा पडतो. अख्ख्या आळीत हा आजार झालेला तो एकटाच असतो, निदान त्याला तसं वाटतं. मग दिवसभर पलंग आणि टीव्ही. सहा महिन्यांनी तो म्हणतो, “डॉक्टर, आजार गेला म्हणता, मग अंगात ताकद का नाही?”

आरामाचं मूळ

माझ्या मते ‘आराम हेच औषध’ ही आपली समजूत मुख्यतः क्षयरोगाच्या काळातली आहे. औषधं नव्हती तेव्हा क्षयाच्या रुग्णाला थंड, कोरड्या हवेच्या सॅनेटोरियममध्ये महिनोन् महिने झोपवून ठेवत. पाचगणीचं बेल-एअर, मिरजेजवळचं वानलेसवाडी ही नावं जुन्या माणसांना आठवतील. तिथे उठण्याबसण्यावरही वेळापत्रकाचा अंमल असे. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यानंतरची औषधं आली, तरी विश्रांतीशिवाय क्षय बरा होणार नाही, असं डॉक्टरही मानत होते.

त्याला धक्का दिला तो आपल्याच देशातल्या एका अभ्यासाने. मद्रासला १९५६ साली क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झालं. तिथे १९३ रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये राहिला: चांगला आहार, परिचारिका, भरपूर विश्रांती. दुसरा गट गरीब वस्तीतल्या आपल्या दाटीवाटीच्या घरात राहिला, कमी खाल्लं, जास्त हिंडला-फिरला. औषधं दोघांना तीच. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा दोन्ही गटांत बरे होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. रोग बरा केला होता औषधांनी. पलंगाचं श्रेय त्यात जवळजवळ काहीच नव्हतं.

हृदयविकाराचंही तसंच झालं. हार्ट अटॅक आला की सहा-सहा आठवडे पाठीवर झोपून राहायचं, अशी एकेकाळी शिस्त होती. १९५२ मध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या बोस्टनच्या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. सहकाऱ्यांना तो वेडेपणा वाटला होता. आता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाला वॉर्डात चालवतात आणि नातेवाइकांना धक्का बसतो, डॉक्टरांना नाही.

झोपून राहिल्याने शरीराचं नेमकं काय होतं? १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे पाच तरुण, निरोगी मुलांना जवळजवळ तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. त्यांची दमश्वासाची ताकद सुमारे एक चतुर्थांश घटली. याच पाच जणांना ३० वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा असं दिसलं की ३० वर्षांच्या वयानेही त्या तीन आठवड्यांइतकं नुकसान केलेलं नव्हतं. ही विशीतली धडधाकट मुलं होती. केमो झालेल्या पंचावन्न वर्षांच्या बाईला सहा महिने झोपवून ठेवलं तर काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

पिशवीत चेंडू आणि दोरी

कॅन्सरच्या बाबतीत बदल उशिरा आला. एक कारण शस्त्रक्रिया. अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी १८९० च्या दशकात स्तनाच्या कॅन्सरसाठी जे ऑपरेशन रूढ केलं, त्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. पुढची ७०-८० वर्षं जगभर तेच चाललं. जीव वाचत, पण खांदा आखडे, हात सुजे. काखेतल्या गाठी काढल्या की हातातला रस वर वाहून नेणारा मार्ग तुटतो आणि तो हातातच साठतो. याला लिम्फेडेमा म्हणतात. ही सूज येऊ नये म्हणून बायकांना सांगितलं गेलं: तो हात वापरूच नका. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. तपासून मात्र कोणी पाहिलेलं नव्हतं.

न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर या बाईंचं हेच ऑपरेशन १९५२ साली झालं. शुद्धीवर आल्यावर हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, हे त्यांना कोणी सांगेना. म्हणून त्यांनी स्वतःच शोधलं आणि मग इतर बायकांच्या खाटेपाशी जाऊन सांगू लागल्या. त्यांच्या पिशवीत रबरी चेंडू असे, दोरी असे, आणि ब्लाउजमध्ये घालायचा तात्पुरता उभार असे. चेंडू पिळायचा, दोरी दारावरून टाकून आखडलेला हात हळूहळू वर ओढायचा. ‘रीच टू रिकव्हरी’ हे त्या कामाचं नाव. सर्जन मंडळींना हे सुरुवातीला रुचलं नाही. आपल्या रुग्णाला शिकवणारी ही बाई कोण, असा सूर होता. पण १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो कार्यक्रम आपलासा केला आणि पुढे तो अनेक देशांत गेला.

त्या चेंडू-दोरीपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की समोरची बाई स्वतः त्यातून गेलेली होती. मी रुग्णाला दहा वेळा “हात हलवा” म्हणतो. तेच वाक्य, स्वतःचा हात डोक्यावर नेऊन दाखवत, ऑपरेशन झालेली दुसरी बाई म्हणते तेव्हा ते ऐकलं जातं.

परळ ते गाव

आपल्याकडे परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जसावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आली. या संस्थांपुढे पहिला प्रश्न पैशांचा आणि औषधांचा होता, आणि तो आजही आहे. उपचारानंतरच्या आयुष्याकडे लक्ष जायला वेळ लागला.

टाटा रुग्णालयात १९९१ मध्ये ‘अ‍ॅक्ट’ क्लिनिक सुरू झालं, लहानपणी कॅन्सरमधून वाचलेल्या मुलांना पुढे वर्षानुवर्षं तपासत राहण्यासाठी. याच मुलांमधून, ती मोठी झाल्यावर, २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने ‘उगम’ हा गट तयार झाला. कॅन्सर झालेलं मूल मोठं होतं, नोकरी करतं, लग्न करतं, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वॉर्डातल्या आईला खरं वाटत नाही. या तरुणांचं ते काम. स्वतः या आजारातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या ‘व्ही केअर’चंही तेच: बरे झालेले लोक नव्या रुग्णांशी बोलतात.

हे सगळं मोलाचं आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा आधार मोठ्या रुग्णालयाच्या आसपास उभा राहिला. परळच्या व्हरांड्यात तो मिळतो; शिरूर तालुक्यातल्या घरात, उपचार संपल्यावर तिसऱ्या महिन्यात, तो पोचत नाही. दुसरं, आपल्याकडच्या आधारगटांत बोलणं भरपूर झालं, हलणं कमी. व्यायामाचा धागा वेगळ्या ठिकाणी विणला जात होता.

चोवीस बायका आणि एक होडी

१९८० च्या दशकात अमेरिकेत मेरिल विनिंगहॅम या परिचारिका-संशोधकाने आणि तिच्या सहकाऱ्यांनी केमो चालू असलेल्या बायकांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं. त्या काळात हे धाडसच होतं. आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. १९८९ मध्ये ४५ जणींच्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले: सायकल चालवणाऱ्यांची ताकद वाढली होती, आणि तीही केमो चालू असताना.

खरी गंमत झाली ती कॅनडातल्या व्हँकुव्हरला. डॉन मॅकेन्झी हे तिथले क्रीडावैद्यक. हाताने जोराचं काम केलं की लिम्फेडेमा होतो, हे त्यांना पटत नव्हतं. तपासायचं तर हाताला भरपूर काम देणारा व्यायाम हवा. त्यांनी निवडली ड्रॅगन बोट: लांबलचक चिनी होडी, तीत २० वल्हेकरी, पुढे ढोल वाजवणारा. १९९६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या २४ बायका त्यांनी गोळा केल्या. आधी काही आठवडे तयारी, मग पाण्यात. एकीलाही नव्याने लिम्फेडेमा झाला नाही. मोसम संपला तेव्हा मॅकेन्झींचा प्रयोगही संपला होता, पण बायका होडीतून उतरायला तयार नव्हत्या. आज जगभर अशा शेकडो होड्या आहेत.

ढोलाच्या ठेक्यावर वीस जणी एकदम वल्हं मारतात, एक थांबली तर बाकीच्या तिला ओढून नेतात. हे वाचताना मला दिंडी आठवते. शेजारच्या दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडवरून, दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. एकट्याने एवढं चालायला सांगितलं तर साठीतली बाई हसेल. टाळांच्या नादात, ओळखीच्या बायकांबरोबर, ती मुक्कामामागून मुक्काम गाठते.

२४ बायकांच्या होडीवरून नियम ठरत नाहीत, हे खरं. त्यासाठी मोठा अभ्यास झाला तो कॅथरिन श्मिट्झ यांचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. हात आधीच सुजलेल्या १४१ बायका. निम्म्यांना परिसरातल्या व्यायामशाळांमध्ये, लहान गटांत, आठवड्यातून दोनदा वजन उचलायला शिकवलं. सुरुवात अगदी कमी वजनाने, मग हळूहळू वाढवत. सुजेसाठीची घट्ट बाही घालून. वर्षभराने त्यांचे हात इतरांपेक्षा जास्त सुजलेले नव्हते. उलट सूज अचानक उसळण्याचं प्रमाण वजन न उचलणाऱ्यांत २९ टक्के होतं, तर उचलणाऱ्यांत १४ टक्के. इतकी वर्षं कळशी उचलू नको म्हणून सांगितलं, ते असं निम्मं कोसळलं. निम्मं म्हणतो, कारण शिकल्याशिवाय, एकदम जड उचललेलं चालत नाही.

आपल्या भागातल्या पुरुषांसाठी मी आणखी एक अभ्यास नेहमी सांगतो. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर इथे खूप आहे. मानेच्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावते, खांदा पडतो, शर्ट घालता येत नाही. कॅनडात ५२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, २००८ साली, असं दिसलं की क्रमाक्रमाने वाढवत नेलेल्या ताकदीच्या व्यायामाने खांद्याचं दुखणं आणि अडचण कमी होते. कारखान्यात हातांनी काम करणाऱ्या माणसासाठी हा कामावर परत जाण्याचा प्रश्न आहे.

आणि पुण्याचा धागा राहायला नको. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात योग शिकवायला आले, तेव्हा ते लहानपणापासून आजारांनी पोखरलेले कृश तरुण होते. दोर, पट्टे, लोड, खुर्च्या यांचा आधार घेऊन आजारी माणसालाही आसन करता यावं, ही त्यांची पद्धत. १९७५ मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने ती पद्धत वापरली: स्तनाच्या कॅन्सरनंतर थकवा न गेलेल्या ३१ बायका, काहींना आठवड्यातून दोनदा असा योग, काहींना आरोग्यावरची व्याख्यानं. बारा आठवड्यांनी योग करणाऱ्यांचा थकवा स्पष्टपणे कमी झाला होता. लहान अभ्यास आहे. पण आपल्या पुण्यातला लोड तिकडे जाऊन प्रयोगशाळेतून पास होऊन आला, याची मला गंमत वाटते.

पुस्तिका की माणूस

आता अगदी अलीकडचं. जून २०२५ मध्ये ‘चॅलेंज’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेले ८८९ रुग्ण, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना व्यायाम आणि आहारावरची छापील माहिती दिली. उरलेल्यांना तीन वर्षांचा व्यायाम कार्यक्रम आणि त्यासाठी एक सल्लागार, जो सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी भेटे, नंतर महिन्यातून एकदा. व्यायाम काही अचाट नव्हता. बहुतेकांच्या बाबतीत आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालण्याइतका.

आठ वर्षांनी माहिती मिळालेल्या गटातले ८३ टक्के लोक हयात होते, सल्लागार मिळालेल्या गटातले ९० टक्के. कॅन्सर उलटण्याचं प्रमाणही कमी होतं. काही नव्या औषधांनीही एवढा फरक पडत नाही. व्यायाम करणाऱ्यांत सांधे-स्नायूंच्या दुखण्याच्या तक्रारी थोड्या जास्त होत्या, तेही सांगायला हवं. हा निष्कर्ष मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा आहे, प्रत्येक कॅन्सरला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

पण माहिती दोन्ही गटांना होती, हे पाहिलंत ना? एका गटाला फक्त माहिती होती, दुसऱ्याला माहितीबरोबर पाठपुरावा करणारा माणूस. हा लेखसुद्धा एक पुस्तिकाच आहे. तो वाचून तुम्ही उद्या चालायला जाल. पुढच्या महिन्यात जाल की नाही, हे बरोबर कोण आहे यावर ठरेल.

गावात हे जमेल का?

जमेल असं मला वाटतं, कारण याहून अवघड काम ग्रामीण महाराष्ट्राने केलेलं आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांशी अंगावरून जाण्याबद्दल, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरबद्दल बोलले. तेव्हा हा विषय घरातही निघत नसे. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा तपासणी-अभ्यास झाला. २००९ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांनी जगाची धोरणं बदलली. कॅन्सर ओळखण्याच्या बाबतीत गावाने हे केलं. बरं झाल्यानंतरचा टप्पा मात्र आपण घरच्यांवर सोडून दिला आहे.

त्यासाठी होडी लागत नाही. पहाटे ट्रेलरच्या रांगा लागणारा नगर रस्ता चालण्याजोगा नाही, पण शाळेचं मैदान आहे, देवळापुढचा सभामंडप आहे. चार जण पुरेत. कॅन्सर वेगवेगळे असले तरी चालतं. तज्ज्ञांचा आजचा सल्ला सोपा आहे: आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. वजनाला पाण्याची बाटली घ्या. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो. अर्ध्या बाटलीपासून सुरुवात करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हा मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे. तोंड उघडत नसेल तर आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची, हा फिजिओथेरपिस्टचा जुना उपाय आहे. तो त्यांच्याकडूनच शिकून घ्या. गावातल्या आशाताईंना सांगून ठेवा. कोण नुकतं उपचार घेऊन आलंय, हे बहुतेक वेळा त्यांना आधी कळतं.

काही जणांनी मात्र विचारल्याशिवाय सुरू करू नये. कॅन्सर हाडांत गेला असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट खूप कमी असतील, ताप असेल, केमोने हृदय अशक्त झालं असेल, पोटावर स्टोमाची पिशवी असेल, तर व्यायामाचा प्रकार बदलतो. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा हातापायाला अचानक सूज आली तर थांबा आणि दाखवा.

पुढच्या फॉलोअपला जाताना रिपोर्टबरोबर दोन प्रश्नही घेऊन जा. एक, माझ्या बाबतीत कुठला व्यायाम टाळायचा? आणि दुसरा, शिरूर-शिक्रापूर भागातलं आणखी कोणी तुमच्याकडे उपचाराला येतं का, त्यांना विचारून माझा नंबर त्यांना द्याल का?